'ओव्हरवेल्म्ड' म्हणजे नेमकं काय वाटणं?

प्रश्न असा आहे: "मी पुण्यातल्या एका कंपनीत काम करते. मँचेस्टरच्या ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंनी मेलच्या शेवटी लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम फीलिंग अ बिट ओव्हरवेल्म्ड धिस वीक.' या शब्दाचा अर्थ 'भारावून जाणे' असा मी शाळेपासून पाठ केलेला. त्यांच्या टीमचं आदल्याच आठवड्यात कौतुक झालं होतं, म्हणून मी 'सो हॅपी फॉर यू, यू डिझर्व्ह इट' असं उत्तर पाठवलं. त्यावर त्यांचं काहीच आलं नाही. माझं काय चुकलं? हा शब्द आनंदाचा आहे की दुःखाचा?"

त्या बाई तुम्हाला सांगत होत्या, की या आठवड्यात मला झेपत नाहीये. कामं अंगावर आली आहेत, कुठून सुरुवात करावी सुचत नाहीये. तुम्ही त्यांचं अभिनंदन केलंत. त्यांना वाईट वाटलं असेलच असं नाही, पण पुढे काय लिहावं हे त्यांना कळलं नसणार.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गेली सव्वीस वर्षं मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. आरोग्याची पत्रकं, करारनामे, माहितीपटांची निवेदनं, अधूनमधून दुभाषी म्हणून प्रत्यक्ष बोलणं पोचवणं, असं बरंच काही हातून गेलं आहे. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वेळा अडवलेल्या शब्दांपैकी हा एक. कारण तो आनंदाचाही नाही आणि दुःखाचाही नाही. तो मापाचा शब्द आहे. आत येणारं किती आणि सामावून घेणाऱ्याची ताकद किती, यांचा मेळ तुटला एवढंच तो सांगतो. आत आलेलं काय होतं, प्रेम की कर्ज, हे तो सांगतच नाही. ते आजूबाजूच्या शब्दांतून शोधायचं असतं. मराठीत मात्र आपले बहुतेक शब्द उलट बाजूने येतात. गहिवर, हुरूप, धसका, उमाळा: प्रत्येकाने आपली भावना आधीच ठरवून ठेवलेली आहे. त्यामुळे या एका इंग्रजी शब्दासाठी एकच मराठी शब्द पाठ केला, की दहापैकी निम्म्या वेळा तरी तो चुकीच्या जागी पडतो.

आधी शब्दाच्या घरात डोकावू. 'ओव्हर' म्हणजे वरून. 'वेल्म' हा मध्ययुगीन इंग्रजीतला जुना शब्द, आता एकटा फारसा कुणी वापरत नाही. त्याचा अर्थ पालथं करणं, उलटं घालणं. एखादं पोकळ भांडं कशावर तरी उपडं घालून ते झाकून टाकणं, हाही त्याचा एक जुना अर्थ. खेड्यात वाढलेल्या वाचकांना इथे लगेच आपला शब्द आठवेल: डालणे. संध्याकाळी कोंबड्यांवर डालगं, म्हणजे विणलेली मोठी टोपली, पालथं घालतात, कोंबड्या डालल्या म्हणतात, ती हुबेहूब हीच क्रिया. पुढे तोच शब्द उलटणाऱ्या होडीसाठी आणि तिच्यावरून जाणाऱ्या लाटेसाठी रुळला. म्हणजे ओव्हरवेल्म्ड माणूस हा मुळात डालला गेलेला माणूस. वरून काहीतरी आलं आणि तो त्याच्या खाली गेला. वर आलेलं फुलांचं डालगं होतं की दगडांचं, यावर शब्दाचं काही म्हणणं नाही.

१६११ साली इंग्लंडात राजा जेम्सच्या आज्ञेने बायबलचा जो इंग्रजी अनुवाद झाला, त्यातल्या स्तोत्रांमध्ये हा शब्द दोन्ही रूपांत भेटतो. ७८व्या स्तोत्रात समुद्र शत्रूंना ओव्हरवेल्म करतो, म्हणजे सरळ बुडवतो. ५५व्या स्तोत्रात माणसावर थरकाप येतो आणि भीती त्याला ओव्हरवेल्म करते. ६१व्यात माणूस देवाला म्हणतो, की माझं काळीज ओव्हरवेल्म होतं तेव्हा मला माझ्याहून उंच खडकाकडे ने. खडक का, तर पाणी चढलं आहे म्हणून. चारशे वर्षांपूर्वी मनाच्या बाबतीत हा शब्द असा भीतीच्या, व्याकुळतेच्या सोबतीने दिसतो. सत्काराला उत्तर देताना 'आय अ‍ॅम ओव्हरवेल्म्ड' म्हणणारा वक्ता डोळ्यांसमोर ठेवून आपण तो शिकलो, म्हणून आपल्याला तो जन्मजात गोड वाटतो.

भावना बाजूला ठेवून नुसतं माप पाहायचं असेल, तर २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला साधारण २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीसुद्धा समुद्राला ओहोटी असेल असं धरून. त्या दुपारी भरती होती. इंग्रजीत याचं वर्णन करायचं तर 'द ड्रेन्स वेअर ओव्हरवेल्म्ड' हे वाक्य अगदी नेमकं बसतं. प्रत्येक नाली फुटली किंवा मोडली, असं हे वाक्य म्हणत नाही. आलेलं पाणी तिच्या मापाबाहेरचं होतं, एवढंच म्हणतं. मराठीत मी इथे 'नाल्यांची क्षमता अपुरी पडली' असं लिहीन. माणसाच्या मनाच्या बाबतीत हा शब्द येतो तेव्हाही मी आधी हेच चित्र डोळ्यांपुढे आणते आणि मग विचारते: पाणी कसलं?

हे विचारायला मी एका चुकीतून शिकले. बारा-तेरा वर्षांपूर्वी नव्याने बाळंत झालेल्या आयांसाठी एका रुग्णालयाचं पत्रक मराठीत करून द्यायचं होतं. त्यात वाक्य होतं, 'इट इज नॉर्मल टू फील ओव्हरवेल्म्ड इन द फर्स्ट फ्यू वीक्स.' मी लिहिलं, 'पहिल्या काही आठवड्यांत भारावून गेल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे.' वाचायला सुरेख वाक्य. तपासणाऱ्यांच्याही ते डोळ्यांखालून गेलं. पत्रक छापून वॉर्डात पोचलं आणि महिन्याभराने तिथल्या एका परिचारिकाताईंचा मला फोन आला. एका मुलीला त्या ते वाचून दाखवत होत्या. चौथा दिवस, टाके दुखतायत, दूध नीट येत नाही, रात्रभर जागरण. 'भारावून गेल्यासारखं' हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मला तर तसलं काहीच होत नाही," आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

इंग्रजी पत्रक तिला सांगत होतं, की तुला जे होतंय ते सगळ्यांना होतं. माझ्या मराठीने तिला सांगितलं, की इतर आया आनंदाने भारावून जातात. एका शब्दामुळे धीर देणारं वाक्य तिच्यापुरतं आरोप होऊन बसलं. त्या ताई शांतपणे बोलत होत्या, पण तो फोन मी विसरलेले नाही.

पुढच्या छपाईत ते वाक्य असं गेलं: 'पहिले काही आठवडे सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. काही सुचत नाही, कारण नसताना रडू येतं. बहुतेक आयांना असं होतं, यात तुमचं काही चुकत नाहीये.' एका इंग्रजी शब्दासाठी तीन छोटी मराठी वाक्यं लागली, आणि ती लागू द्यायला हवीत. त्याखाली डॉक्टरांनी सांगितलेली ओळही ठळक केली, की हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर घरात झाकून न ठेवता डॉक्टरांना भेटा.

'अंगावर येणे' हा मला आजच्या बोलीतला या शब्दाच्या सगळ्यात जवळचा शब्दप्रयोग वाटतो. 'ते घर अंगावर येतं', 'एवढी गर्दी अंगावर येते', 'परीक्षा जवळ आली की सगळा अभ्यास एकदम अंगावर येतो.' यात वरून चाल करून येणारं काहीतरी आहे आणि त्याच्यासमोर लहान झालेला माणूस आहे. डालग्याचं चित्र बरंचसं टिकून राहतं. कामाच्या बाबतीत 'झेपत नाहीये' हे सगळ्यात साधं आणि खरं. त्याहून तीव्र हवं असेल तर 'नाकातोंडात पाणी जायची वेळ आली आहे', तिथे तर बुडणंसुद्धा शब्दशः आलं. घाईगर्दीने उडालेला गोंधळ असेल तर तारांबळ. नव्या जागी, नव्या माणसांत झालेली अवस्था असेल तर 'बावरून गेले', 'भांबावले'. दडपण हा शब्द मात्र जपून वापरावा. दडपण मोठ्या माणसांचं, अपेक्षांचं, व्यासपीठाचं असतं. धुण्याभांड्यांच्या ढिगाने दडपण येत नाही, जीव मेटाकुटीला येतो.

आता 'भारावून जाणे'चा खरा प्रांत कोणता ते पाहू. 'भारणे' म्हणजे मंत्र घालून प्रभावाखाली आणणं. भारलेला दोरा, भारलेलं पाणी आपण ऐकलेलं असतं. 'भारावून गेलो' यात ती मोहिनी कुठेतरी शिल्लक आहे. म्हणून कुणाच्या गाण्याने, त्यागाने, आपल्यावरच्या प्रेमाने माणूस भारावतो. वडील गेल्याने कुणी भारावून जात नाही, कर्जाने जात नाही, तीनशे न वाचलेल्या मेलनी तर नाहीच नाही. 'ओव्हरवेल्म्ड' या तिन्ही ठिकाणी बिनदिक्कत चालतो. तुमच्या पाठ केलेल्या अर्थाची हद्द इथे संपते.

बाकीच्या शब्दांच्याही अशाच हद्दी आहेत आणि त्यांत रमायला मला आवडतं. गहिवर हा मायेचा. लेक बऱ्याच दिवसांनी दारात दिसली की आईला गहिवरून येतं. त्यात ओलावा हवाच, कौतुकाचा नाहीतर विरहाचा. रागाने कुणी गहिवरत नाही. हेलावणे हा पाण्याचा शब्द, भांड्यातलं पाणी हिंदकळतं तसं मन हलणं. तो बहुधा दुसऱ्याचं दुःख पाहून किंवा ऐकून होतो, स्वतःवर कोसळलेल्या दुःखासाठी तो अपुरा पडतो. गलबलणे त्याच्या एक पायरी खाली, आतड्याच्या जवळ. उचंबळून येणे हा भरतीचा शब्द आणि त्यात चैतन्य आहे. उमाळा जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यासारखा, तो आतून फुटतो. कढ तर चुलीवरचाच. 'भावविवश' पुस्तकी आहे, माझ्या आजीने तो कधी तोंडातून काढला नसता. ती म्हणायची, "पोटात कालवलं."

या शब्दांची एक व्याकरणातली खूणही पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत 'आय वॉज ओव्हरवेल्म्ड' हा कर्मणी प्रयोग: माझ्यावर काहीतरी केलं गेलं. नवशिके अनुवादक तो तसाच उतरवतात आणि 'भावनांनी माझ्यावर मात केली' असलं वाक्य तयार होतं, जे मराठीत कुणीही कधीही बोलत नाही. आपण म्हणतो, 'मला भरून आलं.' यात कर्ता शोधायला जा, सापडत नाही. 'मला मळमळतंय', 'सांजावलं', 'उजाडलं' यांच्याच पंक्तीतली ही रचना. कुणी केलं नाही, झालं. माणसाने केलं नाही आणि माणसावरही कुणी केलं नाही, ते त्याच्याकडे आलं. ही रचना हाताशी असताना इंग्रजीचा कर्मणी प्रयोग ओढून आणायची काही गरज नाही. 'मला गहिवरून आलं', 'मला सुचेनासं झालं', 'मला कसंतरीच झालं', हेच आपलं ओव्हरवेल्म्ड होणं.

आता वापराच्या गोष्टी, ज्या परीक्षेत आणि मेलमध्ये उपयोगी पडतील.

उच्चार आधी. लिहिताना शब्दात एक मुका 'एच' आहे, पण बहुतेक इंग्रज आणि अमेरिकन तो उच्चारत नाहीत. 'ओव्हर'मध्ये ओठ दाताला लागतात म्हणून तिथे 'व्ह', पुढच्या भागात ओठ गोल होतात म्हणून तिथे नुसता 'व'. ओव्हरवेल्म. जोर 'वेल'वर. शेवटचा 'ल्म' एका दमात म्हणायचा, 'वेलम' असा फोडायचा नाही.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक 'आय अ‍ॅम ओव्हरवेल्मिंग' ही. 'इंग'वालं रूप पुराचं आहे आणि 'एड'वालं रूप बुडणाऱ्याचं. काम ओव्हरवेल्मिंग असतं, माणूस ओव्हरवेल्म्ड होतो. 'आय अ‍ॅम ओव्हरवेल्मिंग' म्हणजे मीच लोकांच्या अंगावर येते अशी कबुली! 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड' मध्ये जी गल्लत होते तीच ही.

पुढे 'बाय' लावायचं की 'विथ'? आत भरलेल्या गोष्टीसाठी, म्हणजे दुःख, आनंद, अपराधीपणा, काम, यांच्यासाठी 'विथ' सहज येतं: 'ओव्हरवेल्म्ड विथ ग्रीफ.' बाहेरून आलेल्या गोष्टीसाठी, म्हणजे प्रतिसाद, गर्दी, सौंदर्य, आकडे, यांच्यासाठी 'बाय': 'ओव्हरवेल्म्ड बाय द रिस्पॉन्स.' भावनेसाठी 'बाय' वापरलं तरी ते चूक नाही. मात्र 'ऑफ' आणि 'फ्रॉम' इथे बसत नाहीत. आणि या शेपटीमुळेच अर्थ उलगडतो. पाणी कसलं, हे बहुतेक वेळा 'विथ' किंवा 'बाय'च्या पुढे लिहिलेलं असतं. तुमच्या मेलमध्ये शेपटी नव्हती. तिच्या जागी 'धिस वीक' होतं. आनंदाने भरून आलेला माणूस आठवड्याचा हिशेब सांगत नाही, थकलेला सांगतो. तुम्हाला मिळालेली खूण तीच होती.

दुसरी खूण 'अ बिट'. नीट पाहिलं तर 'थोडीशी बुडाले' हे विचित्रच. पण ब्रिटिश माणसाच्या तोंडी हे 'थोडंसं' अडचण लहान करून सांगण्याची रीत असते, आपल्याकडे ताप असलेली बाई "जरा कणकण आहे" म्हणते तशी. त्यावरून ताप उतरला आहे असं आपण समजत नाही. माझा अनुभव असा, की भारतीय इंग्रजीत, विशेषतः वाढदिवसाच्या शुभेच्छांना आणि सत्काराला उत्तर देताना, हा शब्द जास्त करून गोड अर्थाने येतो, आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या कचेरीतल्या बोलण्यात तो जास्त करून ओझ्याच्या अर्थाने. इथे पुण्यात आणि तिथे मँचेस्टरमध्ये शब्द एकच होता, सवयी दोन होत्या.

विशेषण म्हणून तो संख्येच्या आणि बळाच्या संगतीतही फिरतो. ओव्हरवेल्मिंग मेजॉरिटी म्हणजे प्रचंड बहुमत, तिथे भावनेचा लवलेश नाही. ओव्हरवेल्मिंग एव्हिडन्स म्हणजे शंकेला जागा न ठेवणारा पुरावा. मोठ्या फौजेने छोट्या तुकडीला ओव्हरवेल्म केलं, तर 'संख्याबळापुढे त्यांचा निभाव लागला नाही.' आणि अनुवादकाने जिथे फार सांभाळायला हवं ती जागा म्हणजे 'हॉस्पिटल्स वेअर ओव्हरवेल्म्ड'. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अशी वाक्यं रोज समोर येत होती आणि घाईत त्यांचं 'यंत्रणा कोलमडली' होत होतं. कोलमडणं म्हणजे मोडून पडणं. ओव्हरवेल्म्ड रुग्णालय चालू असतं, डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय पायावर उभे असतात, फक्त येणारे रुग्ण खाटांच्या आणि हातांच्या पलीकडे गेलेले असतात. जे लोक तेव्हा बारा-बारा तास उभे होते त्यांच्याबद्दल 'कोलमडली' लिहिणं मला अन्यायाचं वाटायचं. 'यंत्रणा तोकडी पडली', 'ताणाखाली आली' हे खरं होतं.

तर मग मराठीकडे मापाचा शब्दच नाही का? आहे, आणि फार देखणा आहे: अनावर. आवरता न येणारं. हसू अनावर होतं, रडू अनावर होतं, झोप अनावर होते, मोह अनावर होतो. आलेलं काय, याच्याशी 'अनावर'ला देणंघेणं नाही, ते आवरेना एवढंच. 'ओव्हरवेल्मिंग'ला विशेषण म्हणून माझ्याकडे यापेक्षा चांगला शब्द नाही. त्याच्याच घरातलं क्रियापद 'न मावणे'. आनंद गगनात मावत नाही, कौतुक पोटात मावत नाही. भांडं लहान आणि वस्तू मोठी, हाच हिशेब. फरक एवढाच, की 'अनावर' भावनेला लागतं, माणसाला नाही. 'मी अनावर झाले' असं आपण सहसा म्हणत नाही, म्हणून 'आय अ‍ॅम ओव्हरवेल्म्ड' तिथे थेट उतरत नाही.

या शब्दाच्या शेजारच्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यात गल्लत होते. 'इफ्यूसिव्ह' लॅटिनमधल्या ओतण्याच्या क्रियापदावरून आला. तो माणूस बुडत नाही, बाहेर ओतत असतो: भरभरून स्तुती करणारा, आभार मानताना न थांबणारा. त्यात किंचित 'जरा जास्तच होतंय' अशी छटा येऊ शकते, तेव्हा शिफारसपत्रात जपून. 'गश' तर त्याहून उघड टोमणा आहे, कौतुकाचा धबधबा. 'एबुलियंट' उकळण्यावरून, म्हणजे उत्साहाने उसळणारा. 'एक्झुबरंट' मला यांत सगळ्यात प्रिय. त्याच्या पोटात 'ऊबेर' हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ दुभत्या जनावराची कास, तसाच सुपीक, विपुल. म्हणजे तो मुळात पान्हा फुटण्याच्या कुळातला. वासरू दिसलं की गाय पान्हावते, ते ओसंडणं. 'अंडरवेल्म्ड' हा मात्र विसाव्या शतकात गमतीने पाडलेला शब्द. अपेक्षा मोठी होती आणि हाती फारसं काही लागलं नाही, तर माणूस अंडरवेल्म्ड. आपण म्हणतो, "हात्तिच्या, एवढंच?"

राहता राहिली एक अवघड जागा. कधीकधी भावना कसली हे बोलणाऱ्यालाही माहीत नसतं, किंवा दोन-तीन एकत्र असतात. वडिलांच्या दहाव्याला दोनशे माणसं आलेली पाहून मुलाला जे होतं ते दुःख की कृतज्ञता? मुलीची पाठवणी करताना बापाला होतं ते काय? इंग्रजी इथे 'ओव्हरवेल्म्ड' म्हणून मोकळी होते. मराठी अशा वेळी शरीराकडे जाते. कंठ दाटून आला. ऊर भरून आला. डोळे पाणावले. शब्द फुटेना. या चारही वाक्यांत भावनेचं नाव नाही.

ही रीत जुनी आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन कृष्णाशी बोलतो तो 'सगद्गदं भीतभीतः', म्हणजे दाटलेल्या कंठाने आणि भेदरून. आज 'सद्गदित' आपण सत्काराला राखून ठेवला आहे, पण तिथे गळा भयाने दाटला आहे. पहिल्या अध्यायात तोच अर्जुन 'कृपया परयाविष्टः' आहे, करुणेने पुरता ग्रासलेला, आणि त्याचं वर्णनही सगळं अंगाचं: गात्रं गळतायत, तोंड कोरडं पडतंय, कापरं भरतंय, गांडीव हातातून सुटतंय. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ (ताठरून जाणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). ही सगळी देहाची लक्षणं, आणि एकेकाची कारणं अनेक. अश्रूंच्या कारणांत आनंद आहे, चीड आहे, भय आणि शोक आहेत, शिवाय धूर, थंडी आणि आजारसुद्धा. भावनेचं नाव न घेता ती मावेनाशी झाली हे सांगायचं, तर देहाकडे बोट दाखवायचं, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणून मिश्र प्रसंगात मी शब्दकोश मिटते आणि विचारते, या माणसाच्या अंगाला काय होतंय? उत्तर मिळालं की वाक्य आपोआप मिळतं.

आता तुमचा मेल. अजून उशीर झालेला नाही. लांबलचक माफी नको, कारण ती वाचणं हेही त्यांना आणखी एक काम होईल. दोन ओळी पुरे: 'सॉरी, आय मिसरेड युअर लास्ट नोट. इज देअर एनीथिंग आय कॅन टेक ऑफ युअर प्लेट धिस वीक?' यातलं प्लेट म्हणजे ताट. तुमच्या ताटातलं थोडं मी घेते, असं म्हणणं. आणि शक्य असेल तर त्यांच्यापुढे नुसता प्रश्न ठेवू नका, तुम्हाला जमणारं एखादं काम नावानिशी लिहा: अमुक अहवाल मी शुक्रवारपर्यंत पूर्ण करू का? सगळं अंगावर आलेल्या माणसाला काय मदत हवी हे ठरवायलाही सुचत नसतं. त्यांना फक्त 'हो' म्हणावं लागेल असं लिहा.